प्रकरण अभ्यास: सांगलीची भाची, अप्लाइड आर्टचं दुसरं वर्ष आणि ६० हजारांतला लॅपटॉप

आमच्या ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, २०२४ ला सीईटी देऊन पुण्यात बीएफए अप्लाइड आर्टला लागली. दाजींचं सांगलीत छपाईचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड आणि सीझनला फ्लेक्सची डिझाइनं, त्यामुळे पोरगी लहानपणापासून कोरल आणि फोटोशॉपच्या आजूबाजूलाच वाढली. लॅपटॉपचं बजेट ६० हजार. आणि ते सगळं धरून बरं का, म्हणजे पेन टॅब्लेट, बॅकअपची डिस्क, वॉरंटीचं जे काय असेल ते, ६० च्या वर एक रुपया नाही असं दाजींनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण दरवर्षी जून-जुलैत हाच प्रश्न घेऊन कुणीतरी येतं, आणि बहुतेक जण चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवून आलेले दिसतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या कोर्सला, या बजेटात, पैसा स्क्रीन आणि रॅममध्ये घालायचा, ग्राफिक कार्डमध्ये नाही. का ते पुढे.

सगळ्यात आधी कधी घ्यायचा हा प्रश्न, जो कुणी विचारतच नाही. ॲडमिशन झालं की त्याच आठवड्यात लॅपटॉप, अशी पद्धतच पडलीय. पण बीएफएचं पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं, त्यात सगळं हाताचं काम, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, टूडी-थ्रीडी डिझाइन, लेटरिंग, पोस्टर कलर, हाफ इम्पिरियल शीट. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या पोरांना माहीतच असेल की या कामात कॉम्प्युटर मधे येत नाही. ताईचा जीव मात्र वरखाली होत होता, बाकीच्या मुलींकडे आहे आणि आपल्याच पोरीकडे नाही म्हणून. मी म्हटलं ताई, एक वर्ष थांब, ऑफिस-पीडीएफची कामं फोनवर आणि कॉलेजच्या लॅबमध्ये होतील, आणि याच पैशात पुढच्या वर्षी एक पिढी पुढचं मशीन येईल. शिवाय वॉरंटीचं पहिलं वर्ष मशीन कपाटात पडून वाया जाणार नाही. दाजींना हे लगेच पटलं, ताईला पटायला जरा वेळ लागला. तर खरेदी ठरली ऑगस्ट २०२५ मध्ये, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. (इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, ॲनिमेशन, तिथे हे गणित वेगळं असू शकतं, तुमच्या कोर्सचा पहिल्या वर्षाचा सिलॅबस बघूनच ठरवा.)

आता सल्ले. कॉलेजातल्या सिनियरचं म्हणणं, आरटीएक्स (एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक कार्ड) नसेल तर काही चालतच नाही. सांगलीतल्या दुकानदाराचं म्हणणं, ५५-५८ हजारात आरटीएक्स २०५० वाला गेमिंग लॅपटॉप घ्या, पोरं सगळी हाच नेतात. मावसभाऊ मुंबईला एजन्सीत आहे, तो म्हणाला डिझाइन करायचं तर मॅकच, जुना एम१ एअर सेलमध्ये साठच्या आसपास मिळतो. आणि माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की कशाला नवीन, रिफर्बिश्ड थिंकपॅड घे पंचवीसच्या आत. चार माणसं, चार दिशा, आणि गंमत नाही, चौघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पण तिचं काम नक्की काय आहे, फाइल केवढी असते, कुठे अडकते, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही आधी मोजायचं ठरवलं. दाजींच्या दुकानातल्या डेस्कटॉपला ३२ जीबी रॅम आहे. भाचीला म्हटलं की सुट्टीत तू दुकानात बसून तुझं नेहमीचं काम कर, फक्त कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा ठेव आणि मेमरी किती खातंय, ग्राफिकचा आलेख किती हलतोय ते वहीत लिहून ठेव. तिचं काम म्हणजे ए३ आकाराचं पोस्टर ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) फोटोशॉपमध्ये, बाजूला इलस्ट्रेटर उघडं, क्रोममध्ये रेफरन्सचे वीसेक टॅब, एखादं पीडीएफ, आणि गाणी. मेमरी बारा-तेरा जीबीला जाऊन बसायची. यात एक लक्षात घ्या, फोटोशॉपला डिफॉल्टने ७० टक्क्यांपर्यंत रॅम वापरायची मुभा असते, मशीनमध्ये जास्त असली की ते जास्त घेतं, त्यामुळे १३ दिसले म्हणजे १३ लागतातच असं नाही. पण ८ मध्ये हे बसणार नाही हे नक्की झालं.

याचा हिशोब हातानेही करता येतो, आणि मला वाटतं प्रत्येकाने एकदा करावा. ए३ म्हणजे ३०० डीपीआयला ३५०८ गुणिले ४९६१, साधारण पावणेदोन कोटी पिक्सेल. आरजीबीत प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे एक पूर्ण भरलेला लेयर साधारण ५० एमबी. सीएमवायकेत ४ बाइट, म्हणजे ७० च्या आसपास. असे वीस लेयर झाले की एक ते दीड जीबी, त्यावर अनडूची हिस्ट्री, स्मार्ट ऑब्जेक्ट, प्रत्येक जण आपापला वाटा मागतो. दाजींचा १० बाय ४ फुटाचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तरी तीन कोटी पिक्सेल होतात. विंडोज स्वतःच चारेक जीबी खातं, क्रोम दोन-तीन. ८ जीबीवर हे सगळं चालू केलं की विंडोज उरलेलं एसएसडीवर ढकलायला लागतं आणि ब्रश मारला की रेघ मागून येते, ज्याला पोरं लॅपटॉप हँग होतो म्हणतात. त्यामुळे १६ जीबी ही पहिली अट झाली, त्याखालचं काहीच बघायचं नाही.

आणि ग्राफिकचा आलेख? तो जवळजवळ सपाट. झूम करताना, कॅनव्हास फिरवताना थोडा उठायचा आणि परत खाली. कॅमेरा रॉमधलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं) वापरलं तेव्हा मात्र सरळ वर गेला, त्या कामाला चांगलं कार्ड असेल तर सेकंदांत होतं, नसेल तर मिनिटं लागतात हे खरंच आहे. पण ती ते कितीदा करणार? महिन्यातून एखाद्या फोटोग्राफीच्या असाइनमेंटला. त्यासाठी बजेटचा मोठा हिस्सा कार्डात घालायचा का, हा प्रश्न तिथेच सुटला.

आता स्क्रीन. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

स्वस्त लॅपटॉपच्या, आणि विशेष म्हणजे स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये बारीक अक्षरात "४५% एनटीएससी, २५० निट" असं लिहिलेलं असतं (एनटीएससी हे रंगांचं जुनं माप, निट हे उजेडाचं). बहुतेक जण ते वाचत नाहीत, वाचलं तरी त्याचा अर्थ दुकानदार सांगत नाही. अर्थ असा की वेबवर आणि फोटोंमध्ये जे एसआरजीबी नावाचं रंगांचं माप वापरतात, त्यातले साधारण ६२-६३ टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते. बाकीचे रंग फाइलमध्ये असतात पण डोळ्याला दिसत नाहीत, त्यांच्या जागी फिका भाऊबंद दिसतो. ऑफिसच्या कामाला काही फरक पडत नाही. पण जिचा विषयच रंग आहे तिला उरलेली तीन वर्षं अशा स्क्रीनवर बसवायचं म्हणजे डोळा बिघडवायचं काम आहे, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

दुकानात आम्ही काय केलं ते सांगतो. भाचीने तिच्या पेन ड्राइव्हवर एक पोस्टर नेलं होतं, गावातल्या उत्सवाचं, पार्श्वभूमी पूर्ण शेंदरी, त्यावर झेंडूचा पिवळा आणि खाली गडद करड्याचा ग्रेडियंट. सोबत दाजींनी तेच छापून दिलेलं होतं, आर्ट पेपरवर. दुकानदाराला विचारून दोन मशीन शेजारी शेजारी ठेवली, दोन्हीचा ब्राइटनेस फुल, नाइट लाइट बंद, कंपनीचे जे व्हिव्हिड वगैरे मोड असतात ते बंद, आणि तीच फाइल दोन्हीकडे उघडली. गेमिंगवाल्यावर शेंदरी रंग जुन्या विटेसारखा दिसत होता, झेंडू आणि शेंदरी यांच्यातला फरक जवळजवळ गेला होता, आणि खालच्या ग्रेडियंटच्या पट्ट्या पडलेल्या. शेजारच्या १००% एसआरजीबीवाल्यावर छापलेला कागद धरला तर रंग ओळखीचा वाटत होता. दाजी तोपर्यंत बाजूला उभे राहून नुसतं ऐकत होते, त्यांनी कागद हातात घेतला, एकदा इकडे धरला, एकदा तिकडे धरला आणि म्हणाले, "ह्याच्यावर डिझाइन केलं तर पोरगी रंग वाढवत बसणार आणि छापून आल्यावर भडक होणार." छपाईत आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला दहा मिनिटांत जमलं नसतं. फिक्या स्क्रीनवर काम करणारा डिझायनर सॅच्युरेशन वाढवत जातो, कारण त्याला ते कमी दिसतं, आणि मग फाइल बाहेर पडली की सगळीकडे ती ओरडते.

तेव्हा दुसरी अट: १००% एसआरजीबी, किंवा ७२% एनटीएससी लिहिलं असेल तर तेही जवळपास तेवढंच, आणि ब्राइटनेस किमान ३०० निट. ओएलईडी मिळत असेल तर रंग आणखी खुलतात, पण ओएलईडीचं पॅनेल डीसीआय-पी३ (एसआरजीबीपेक्षा मोठं रंगांचं माप) इतकं रुंद असतं, त्यामुळे कलर प्रोफाइल नीट लावलं नाही तर उलटा प्रॉब्लेम, सगळं वास्तवापेक्षा भडक. छपाईचं काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. शिवाय एकच टूलबार वर्षानुवर्षं एकाच जागी असला तर ओएलईडीवर डाग राहायची शक्यता असते. घ्यायला हरकत नाही, पण एसआरजीबी मोड आहे ना ते बघून.

आणि इथेच एक मोठा खड्डा आहे. एकाच नावाचा लॅपटॉप तीन-तीन वेगळ्या पॅनेलमध्ये विकला जातो. नाव तेच, फोटो तोच, आतली स्क्रीन वेगळी. म्हणून मी इथे घेतलेल्या मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव वाचून कुणीतरी तेच मागवेल आणि ४५ टक्केवालं घरी येईल. नाव बघू नका, पूर्ण पार्ट नंबर बघा, तो खालच्या स्टिकरवर किंवा खोक्यावर असतो, आणि कंपनीच्या साइटवर तो टाकून पॅनेल तपासा. लेनोवोची पीएसरेफ नावाची साइटच यासाठी आहे, बाकीच्यांचंही थोडं शोधलं की सापडतं. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये कलर गॅमटचा, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवते त्याचा, उल्लेखच नसेल तर ४५ टक्केच समजून चला, चांगलं पॅनेल असलं तर कंपनी ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

प्रोसेसरवर फार वेळ घालवला नाही, पण नावांत फसवणूक होते ती सांगतो. रायझन ५ ७५२०यू बघितला की वाटतं ७००० सिरीज, नवीन आहे. एएमडीच्या त्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा असतो, तो आतली पिढी सांगतो. ७५२० मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, जी मुळात २०१९ ची रचना. वर रॅम सोल्डर केलेली आणि ग्राफिक अगदी जेमतेम. ७५३५ मध्ये ३, म्हणजे झेन ३ च्या घरातला, ७६४० मध्ये ४. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा, यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे जोरात चालणारा. आता इंटेलने नावातला आय काढून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ असं केलंय, त्यात अजून गोंधळ. तिच्या कामाला आय५-१३४२०एच किंवा झेन ३ च्या पुढचा कुठलाही रायझन ५ पुरेसा होता, आय७ साठी जे जास्तीचे पैसे जातात ते या बजेटात वाया.

बरं, आत ग्राफिक कार्ड वेगळं नसेल तर एक गोष्ट महत्त्वाची होते, रॅमच्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅमच उसनी वापरतं, त्यामुळे एकाच चॅनेलवर १६ जीबी असण्यापेक्षा ८ आणि ८ असं दोन चॅनेलवर असलेलं बरंच वेगात चालतं. इंटेलच्या काही प्रोसेसरमध्ये तर आयरिस एक्सई हे नाव दोन चॅनेल असल्यावरच दिसतं, एकच पट्टी असेल तर तेच ग्राफिक नुसतं यूएचडी म्हणून दिसतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, दुकानात उभ्या उभ्या बघता येतं.

आता ते चार सल्ले या दोन अटींवर घासून बघितले.

आरटीएक्स २०५० वाला गेमिंग. कार्डाला मेमरी फक्त ४ जीबी, स्क्रीन ४५ टक्के, वजन सव्वादोन किलोच्या पुढे आणि वर चार्जरची वीट. या पोरीच्या पाठीवर आधीच हाफ इम्पिरियलचा बोर्ड असतो, एका हातात शीटचा रोल, पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून कॉलेज. त्यात अडीच-तीन किलो अजून. बॅटरी कामात दोन-तीन तास. बाद.

एम१ एअर. याबद्दल मला मनापासून आदर आहे, २०२० चं मशीन असून आजही त्याची स्क्रीन या बजेटातल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपपेक्षा उजवी आहे, ४०० निट, पी३ रंग, पंखा नाही, १.२९ किलो, दिवसभर बॅटरी. पण तेव्हा या पैशात मिळत होता तो ८ जीबी आणि २५६ जीबी वाला, दोन्ही बोर्डावर पक्के, पुढे वाढवायची सोय नाही. मॅक ८ जीबीत विंडोजपेक्षा बरा तग धरतो हे मान्य, पण आमचा मोजलेला आकडा समोर होता. दुसरं कारण जास्त मोठं: इथल्या प्रेसवाल्यांचं सगळं विंडोजवर, कोरल आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) चालतं. भाची सुट्टीत दाजींच्या दुकानात बसते, दिवाळीनंतर पत्रिकांचा सीझन लागला की पुण्यातून रात्री फाइल करून पाठवते, तिचा खर्चाचा पैसा त्यातून निघतो. श्रीलिपीचे फॉन्ट लावलेली जुनी कोरलची फाइल मॅकवर उघडत बसायची कटकट तिला नको होती. मावसभावाला हे कळणं शक्यच नव्हतं, त्याच्या एजन्सीत सगळं युनिकोड आणि ॲडोब. १६ जीबीचा नवा एअर बजेटात बसला असता आणि हे दुकानाचं काम नसतं, तर मी डोळे झाकून तोच सांगितला असता.

रिफर्बिश्ड थिंकपॅड. हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. टी४८० सारखं कंपन्यांतून परत आलेलं मशीन, रॅमचे दोन स्लॉट, कीबोर्ड सुंदर, दुरुस्ती कुठेही होते. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका, विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण बाजारात सहाव्या-सातव्या पिढीची मशीन अजून सर्रास विकतात. अडचण एकच, स्क्रीन. टी४८० च्या बऱ्याच युनिटना तीच ४५ टक्केवाली. मग मी हिशोब असा मांडला की पंचवीसचा थिंकपॅड आणि दहा हजारांचा २४ इंची आयपीएस मॉनिटर, ९९% एसआरजीबीवाला, म्हणजे पस्तीसमध्ये काम झालं आणि २५ हजार वाचले. कागदावर हा सगळ्यात शहाणा पर्याय होता आणि ज्याच्याकडे स्वतःची खोली आणि टेबल आहे त्याने हाच विचार आधी करावा. पण भाचीच्या हॉस्टेलवर तिघींत एक टेबल, त्यावर मॉनिटर ठेवला तर बाकीच्या दोघींनी कुठे बसायचं. म्हणून नाही घेतला.

शेवटी घेतला तो १४ इंची, १३४२०एच, १६ जीबी रॅम, त्यातली ८ बोर्डावर आणि ८ स्लॉटमध्ये, ५१२ ची एसएसडी, १९२० बाय १२०० चं आयपीएस पॅनेल १००% एसआरजीबी, १.४ किलो, यूएसबी-सी चार्जिंग. ५१ हजारांच्या आसपास. उरलेल्यातून साडेतीन हजारांचा बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट, चारेक हजाराची १ टीबीची बाहेरची डिस्क, आणि राहिलेल्या पैशात अपघाती नुकसानाचं कव्हर. हे कव्हर नुसत्या वॉरंटी वाढवण्यापेक्षा वेगळं असतं, साध्या वॉरंटीत चहा सांडला किंवा स्क्रीन फुटली तर काही मिळत नाही. हॉस्टेलच्या पोरांनी दोन्हींपैकी एकच घ्यायचं तर हे घ्यावं.

पैशाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी घडल्या. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि दाजी म्हणाले थांबू, दिवाळीला स्वस्त होईल. त्यांना सांगितलं की लॅपटॉप आधीच १८ टक्क्यांत आहे, कमी होईल ते २८ वाल्या वस्तूंचं होईल. झालंही तसंच, २२ सप्टेंबरपासून टीव्ही-एसी २८ वरून १८ ला आले, लॅपटॉप होता तिथेच राहिला. आम्ही गणपतीच्या आधीच घेऊन मोकळे झालो होतो. दुसरं, दुकानदार नो कॉस्ट ईएमआय घ्या म्हणून मागे लागला होता. त्यात व्याजाइतकी सूट आधी देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते, आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट बरेचदा जाते. दोन्ही आकडे कागदावर मागा आणि मग ठरवा. दाजींनी रोखच दिले. ज्यांनी शैक्षणिक कर्ज घेतलंय त्यांच्यासाठी एक, कोर्स पूर्ण करायला कॉम्प्युटर लागत असेल तर बँकांच्या मॉडेल एज्युकेशन लोन योजनेत त्याचा खर्च धरता येतो, कॉलेजचं पत्र आणि कोटेशन घेऊन शाखेत विचारा, बरेच पालक हे विचारतच नाहीत आणि क्रेडिट कार्डावर घेतात.

खोकं दुकानातच उघडलं. खोक्यावरचा, मशीनखालचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना ते बघितलं, तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी आजपासूनच सुरू होतेय का ते बघितलं (शोरूमला मांडून ठेवलेलं युनिट असेल तर ती आधीच सुरू झालेली असू शकते), पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून ठिपके तपासले. नंतर घरी विंडोजचं सेटअप करताना एक काम तिच्याकडून करून घेतलं, डिव्हाइस एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून ताईच्या कपाटात ठेवली. विंडोज ११ आता हे एन्क्रिप्शन आपोआप चालू करतं आणि ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री निळ्या स्क्रीनवर ती की मागितली तर पोरं रडायला लागतात.

सॉफ्टवेअरचा खर्च लोक धरतच नाहीत. ॲडोबचं दर महिन्याचं भाडं कोर्स संपेपर्यंत भरलं तर मोठी रक्कम होते. क्रॅक टाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय, दाजींच्या दुकानात एकदा त्याच वाटेने व्हायरस शिरला आणि वर्षभराच्या फाइल गेल्या. भाची कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडोब वापरते, विद्यार्थ्यांच्या सवलतीचा प्लॅन सबमिशनच्या काळासाठी घ्यायचं ठरलंय, आणि रोजचं स्केचिंग कृतावर, व्हेक्टरचं बरंच इंकस्केपवर, दोन्ही फुकट. इंकस्केपमध्ये देवनागरी जोडाक्षरं न तुटता येतात. इलस्ट्रेटरमध्ये तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक पर्याय चालू करा. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत आणि उत्तम आहेत, श्रीलिपीच्या बाहेर पडायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

आता वापराबद्दल. पोस्टर, लोगो, मासिकाचं लेआउट, पॅकेजिंगचं डाय-लाइन, हे सगळं सुरळीत चाललंय. कॉलेज आणि हॉस्टेल मिळून दिवस एका चार्जवर निघतो, आणि ५१२ जीबी अपेक्षेपेक्षा लवकर भरली म्हणून जुन्या प्रोजेक्टना बाहेरच्या डिस्कवर हलवलं. दाजी म्हणतात की तिच्या फाइलचे रंग आता छापताना फार बदलावे लागत नाहीत, आणि माझ्या लेखी हाच खरा निकाल.

कमी कुठे पडतं तेही सांगतो. कॉलेजच्या ॲड फिल्मसाठी तिने डाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीत ४के फुटेज टाकलं तेव्हा टाइमलाइन अडकायला लागली. फोनचं फुटेज नुसतं बघायला काही अडत नाही, पण कलर ग्रेडिंगचे थर चढवले की कोसळतं. प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या, छोट्या कॉपी) करून काम निघालं, वेळ गेला. ब्लेंडरमध्ये बाटलीचं पॅकेजिंग रेंडर केलं ते प्रोसेसरवर खूप हळू झालं, शेवटचं रेंडर लॅबच्या एनव्हिडिया कार्डवर केलं. म्हणजे सिनियर म्हणत होता ते खोटं नव्हतं, फक्त त्याचं स्पेशलायझेशन वेगळं होतं. तुमचं पोर ॲनिमेशन, व्हीएफएक्स, थ्रीडीला असेल तर माझा सगळा क्रम उलटा करा, किमान ६ जीबी मेमरीचं एनव्हिडिया कार्ड आधी, आणि स्क्रीन खराब असेल तर रूमवर वेगळा मॉनिटर. तिथे ६० हजारात ओढाताण होते, बजेट वाढवा किंवा लॅबवर अवलंबून राहायची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र २०२५ च्या शेवटी बदलली. रॅम आणि एसएसडीचे भाव एआयच्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे जोरात चढले. आत्ता ८ घेऊ, पुढे स्लॉटमध्ये टाकू, हा जो नेहमीचा सल्ला असतो तो आता तितका स्वस्त राहिलेला नाही, जेवढी लागणार तेवढी रॅम मशीनसोबतच घ्या. भाचीचा विचार होता स्लॉटमधली ८ ची पट्टी काढून १६ टाकायचा, तो तूर्तास बाजूला ठेवलाय.

तो पंचवीसचा थिंकपॅड आणि २४ इंची मॉनिटर शेवटी दाजींनी दुकानासाठी घेतला, काउंटरवर गिऱ्हाइकाला पत्रिकेचं प्रूफ दाखवायला. तिसऱ्या वर्षाला भाची थ्रीडीकडे वळायचं म्हणतेय, वळली तर नवा लॅपटॉप घ्यायचा नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय, दुकानातल्या डेस्कटॉपलाच कार्ड टाकायचं आणि तिने पुण्यातून रात्री त्यावर रेंडर लावायचं. पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते दाजी बघून सांगणार आहेत.